सुख घरात, साक्ष मराठीत

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. लेखकाने समाजातल्या अनिष्ट रूढींवर बोट ठेवले का, आणि समाजावर होणाऱ्या अन्यायाला वाचा फोडली का? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. पुढे लिहू-वाचू लागलो आणि हाती येईल ते वाचले, तेव्हा बहुतेक चर्चा याच दोन प्रश्नांभोवती फिरताना दिसल्या. प्रश्न गैर नाहीत. पण आमच्या मनात बरेच दिवस एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो विचारताना थोडा संकोचही वाटतो. आमच्या कथा-कवितांतली माणसे हसतात कधी? त्यांच्या घरात मांजर असते का? सुट्टी लागली की ती कुठे जातात?

हा प्रश्न आम्हांला वर्गात पडला. सातवीच्या मुलांना मराठीच्या तासाला 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला होता. शाळा उर्दू माध्यमाची. वह्या तपासायला घेतल्या तर एकामागून एक गाय. गाईला चार पाय असतात, ती गवत खाते, तिच्या शेणाच्या गोवऱ्या होतात. वाक्ये सरळ गाइडातली. ज्यांच्या दारात कधी गाय बांधली गेली नाही, ज्यांच्या खाटेखाली मांजर व्यालेली आहे, ज्यांच्या चुलत्याने माळ्यावर कबुतरांची ढाबळ केली आहे, त्या मुलांनी गाय लिहिली. बी.एड.ला आमच्याकडून 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र घोकून घेतले होते. येथे मुलांनी ज्ञात तेवढे बाहेर ठेवून वर्गात प्रवेश केला होता. ढाबळवाल्या मुलाला विचारले, कबुतरांवर का नाही लिहिलेस? तो म्हणाला, "सर, वो मराठी में कैसा लिखनेका?"

पोरगा जे बोलला ते आमच्या साहित्यालाही लागू आहे, असे आमचे मत आहे.

उर्दूत ही अडचण नाही. आमच्या मुलांना इस्माईल मेरठी यांची 'हमारी गाय' कविता ठाऊक असते, आणि ती गाय गाइडातली वाटत नाही. पतरस बुखारी यांनी 'कुत्ते' नावाचा मजमून लिहिला. तो वाचताना हसू आवरत नाही. नय्यर मसूद यांच्या 'ताऊस चमन की मैना' या कथेत लेकीच्या हट्टापायी बाप बादशाही बागेतली मैना घरी आणतो, आणि नवाबी लखनौचा अस्त त्या पिंजऱ्याच्या तारांमधून दिसत राहतो. मराठीतही पुलंनी 'पाळीव प्राणी' लिहून प्राणी पाळणाऱ्यांची यथेच्छ थट्टा केली. म्हणजे प्राण्यावर, घरावर, सुट्टीवर लिहायला उर्दूही तयार आहे आणि मराठीही. तयार नाही तो मराठीत लिहिणारा मुसलमान.

का नाही? आम्ही मराठीत लिहायला बसलो की समोर एक अनोळखी वाचक बसलेला दिसतो. त्याने आम्हांला काहीतरी विचारलेले आहे आणि त्याचे उत्तर देणे भाग आहे, अशी आमची समजूत असते. आम्ही लेखक उरत नाही, पिंजऱ्यातले साक्षीदार होतो. मग कधी समाजाच्या वतीने साक्ष देतो, कधी समाजाविरुद्ध देतो. साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसाने मध्येच घरच्या मांजरीची गोष्ट काढली तर त्याला मुद्द्याचे बोलायला सांगतात. घरात दखनीत खदखदून हसणारा माणूस मराठी कागद पुढे ओढला की घसा साफ करतो. आमच्या वाचनात आलेल्या कित्येक कथांची पहिली ओळ अशी घसा साफ करून लिहिलेली आहे. आमच्या स्वतःच्या तर सगळ्याच.

दखनीच आड येते, असे म्हणावे तर तेही खरे नाही. त्यासाठी रत्नागिरीला जावे लागेल. मे महिन्यात कोल्हापूरकर आंबा घाट उतरून समुद्राकडे धावतो, तसा कोल्हापूरकर मुसलमानही धावतो. आमची एक खाला तिकडे राजिवड्याला दिली आहे. खाडीकाठची वस्ती, दालदी मच्छीमारांची घरे, संध्याकाळी भाट्याच्या वाळूत पोरांचा धिंगाणा, आणि मासळी साफ करायला बसले की भोवती गोलाकार बसलेली मांजरे. कोकणी मुसलमानाची पोरे शाळेत उर्दू शिकत असली तरी घरात बोलतात ती कोकणी, म्हणजे मराठीच्याच घरची बोली. खालाच्या घरी विनोद, भांडण, मांजरीला घातलेली शिवी, सगळे तिच्यातच. मग हे हसणे छापील मराठीत का उतरत नाही?

एका वर्षी त्या सहलीवर आम्ही लेख लिहिला होता. तो छापूनही आला. परवा पुन्हा वाचला. त्यात थिबा राजवाडा होता, लोकमान्यांचे जन्मस्थान होते, रत्नदुर्ग होता, गणपतीपुळ्याचा किनारा होता. खाला नव्हती. ज्या घरात आम्ही चार रात्री झोपलो, ते घर नव्हते. मराठी प्रवासवर्णनात कोकण जसे दिसते तसे आम्ही पाहिले, आणि स्वतःलाच त्यातून वगळले.

कोकण मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. अंतू बर्व्याच्या आळीतून रत्नागिरी ओळखणारे वाचक लाखांनी असतील. पण मोहल्ल्याकडे मराठी लेखणी वळते ती सहसा ताण असेल तेव्हा. श्री. ना. पेंडशांनी 'एल्गार' (१९४९) या पहिल्याच कादंबरीत हिंदू-मुस्लिम संबंधांना हात घातला. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांच्या 'इंधन'मध्ये (१९६५) दुखण्यातून उठलेला नायक बऱ्याच वर्षांनी गावी परततो. नदी, घरे, जुन्या ओळखी सगळे आहे. पण वाचकाला पहिल्यापासून जळण्याचा वास येत राहतो, आणि शेवटी गाव पेटतेच. दलवाईंच्या विचारांवर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. कथाकार म्हणून ते मोठे होते, हे मात्र या पानांवरही मोकळेपणाने म्हणायला हवे. त्यांना गाव ठाऊक होते. पुढच्यांनी त्यांच्याकडून आग घेतली, गाव तिथेच राहिले. दलवाईंवर तुटून पडणाऱ्यांनीही तेच केले, ही त्यातली गंमत.

आता जे सांगायचे आहे ते थोडे लांबवर सांगू. केरळचे वैकम मुहम्मद बशीर यांची 'पातुम्माची शेळी' ही लहानशी कादंबरी आम्ही इंग्रजी भाषांतरातून वाचली. मूळ मल्याळम पुस्तक १९५९चे. गोष्ट काय, तर लेखक शांतता मिळेल म्हणून वडिलोपार्जित घरी राहायला येतो. घरात आई, भाऊ, भावजया, बहिणी, पोरेबाळे, कोंबड्या, मांजरे. प्रत्येकाला लेखकाकडून पैसे हवेत. एक भाऊ काही मागितले की पुन्हा लष्करात निघून जाण्याची धमकी देतो. बहीण पातुम्मा रोज सकाळी आपल्या घरून येते, आणि तिची शेळीही. ही शेळी सगळे खाते. लेखकाची पुस्तके खाते. 'बाल्यकालसखी' आणि 'शब्दंगळ' या बशीरांच्या खऱ्या पुस्तकांच्या ताज्या प्रती तिने फस्त केल्या. एवढा गुणग्राहक समीक्षक आम्ही दुसरा पाहिला नाही. पातुम्माच्या घराला धड दार नाही. शेळी दूध देऊ लागली की चार पैसे जमतील, असा तिचा हिशेब. आणि माहेरच्या बायका त्या दुधावर टपलेल्या. तेही शेवटी चोरून काढतात.

दारिद्र्य किती हे बशीर सांगत नाहीत. दुधाच्या चोरीतून ते कळते. मुसलमान बाईची स्थिती काय, यावर एक परिच्छेदही नाही. पण पुस्तकाला दिलेले दुसरे नाव 'बायकांची अक्कल' अशा अर्थाचे आहे, आणि ते उपरोधाने घ्यावे की कौतुकाने, याचा निकाल वाचकाने लावायचा. बोली घरचीच. आणि हे पुस्तक बशीरांनी लिहिले केव्हा? १९५४ साली, मनोविकारावर उपचार चालू असताना. पहिला खर्डा पुन्हा हात न लावता तसाच छापायला दिला. म्हणजे हे हसणे सुखवस्तू माणसाचे नव्हे. शेळी हलका विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी याचा विचार करावा.

आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना हे सारे ऐकवले. ते रागावले. म्हणाले, दिवस कसले आहेत आणि तुम्हांला मांजरे सुचतात! त्यांचा राग खोटा नाही. ७ जून २०२३ ला आमच्या कोल्हापुरात दुकाने फुटली. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडे विशाळगडाचा फाटा लागतो; गेल्या सुट्टीत तेथून जाताना गाडीतली मोठी माणसे गप्प झाली. मागच्या सीटवरची पोरे समुद्र आला का, समुद्र आला का, विचारत राहिली. आमचा स्नेह्यांना एवढाच प्रश्न आहे, की या प्रवासाची कथा लिहायची झाली तर गाडीतला आवाज कोणाचा धरायचा? गजापूरवर लिहिलेच पाहिजे. पण तेथे जे फुटले ती घरे होती. घर कधी मराठीत आलेच नसेल, तर ते मोडले म्हणजे नेमके काय मोडले, हे मराठी वाचकाला कसे कळावे?

त्या अडतीस वह्यांत एक वही निराळी होती. मुलीने बकऱ्यावर लिहिले होते. ईदच्या दीड महिना आधी आणलेला बकरा. भावाने त्याचे नाव ठेवले 'कलेक्टर', कारण तो कोणालाच उठून जागा देत नाही. त्याने तिच्या भूगोलाच्या वहीचे दोन कागद खाल्ले. रात्री लाइट गेले की ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसते, कारण भीती त्याला वाटते, तिला नाही. ईदच्या आदल्या रात्री तिने त्याला पाला घातला आणि अब्बांशी बोलली नाही. सकाळी दादीने तिला जवळ घेतले आणि सांगितले, प्यारी चीजच द्यायची असते. शेवटचे वाक्य होते, मटण मी खाल्ले नाही पण वाटायला मीच गेले. कुर्बानीवर दरवर्षी मराठीत बाजूने आणि विरुद्ध रकाने भरून छापले जाते. त्यांत ही रात्र आम्हांला कधी भेटली नव्हती.

आम्ही तिला दहापैकी सहा गुण दिले होते. लिंग-वचनाच्या चुका होत्या, 'पाला'ऐवजी 'पत्ती' लिहिले होते, आणि 'कलेक्टर'खाली आम्हीच लाल रेघ ओढली होती. वही अजून आमच्याकडे आहे. परत देताना ती रेघ खोडावी म्हणून खोडरबर लावून पाहिले. लाल शाई, निघत नाही.