‘जोडलेली संस्था’ : तंतुजालाच्या नियोजनातील एका शब्दाची चिकित्सा

संशोधनसंस्थांना ऑप्टिकल फायबरने, म्हणजे प्रकाशतंतूंनी, एकत्र आणणाऱ्या योजनांत ‘जोडलेली संस्था’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. ‘जोडलेली’ हे भूतकालवाचक धातुसाधित विशेषण होय. क्रिया पूर्ण झाली एवढे ते सांगते. जोड किती मार्गांनी दिली, ती कोठपर्यंत पोचली व तुटल्यास कोणी उत्तर द्यावयाचे, हे सांगण्याचे बंधन त्यावर नाही. व्याकरणात ही सोय आहे. नियोजनात मात्र ती उणीव ठरते.

मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’ या योजनेस मान्यता दिली. खर्चाचा अंदाज ५,९९० कोटी रुपयांचा व उद्दिष्ट सुमारे १,५०० संस्थांचे होते. १९८६ साली ‘अर्नेट’ने ज्या कार्याचा आरंभ केला त्याचा हा मोठाच विस्तार होय, व त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मध्यवर्ती जाळ्यात पर्यायी मार्गांची तरतूदही आहे. तथापि यशाचे माप संस्थांची संख्या व वेगाचा आकडा हेच ठरले, की मध्यवर्ती जाळ्यापासून संस्थेच्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पा हिशेबातून सुटतो.

या दृष्टीने कळव्याची भूमी विचार करण्याजोगी आहे. एका अंगास ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगास पारसिकचा डोंगर, आणि मध्ये वस्तीची चिंचोळी पट्टी. ठाण्याहून येथे यावयाचे तर खाडी ओलांडणे प्राप्तच. १८५४ साली रेल्वे ठाण्यापुढे कल्याणपर्यंत गेली ती पुलावरून. १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला. प्रकाशतंतू बहुधा लोहमार्ग, रस्ते व विजेचे मनोरे यांच्याच आधाराने जातात. तेव्हा येथील वैद्यकीय महाविद्यालयासारख्या एखाद्या संस्थेस दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या दिल्या, आणि त्या दोन्ही एकाच पुलावरून गेल्या, तर कागदावरचे दोन मार्ग प्रत्यक्षात एकच ठरतात.

ही शंका केवळ तार्किक नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघे–कळवा या उच्चदाब वीजवाहिनीचा एक परिपथ दुरुस्तीसाठी बंद असता भार दुसऱ्यावर गेला व त्यातही बिघाड झाला. मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांचा मोठा भाग काही तास विजेवाचून राहिला. परिपथ दोन होते. पण पर्याय म्हणजे संख्या नव्हे, तर ऐन वेळी भार पेलण्याची स्वतंत्र शक्ती, हे त्या दिवशी दिसले. वीज व प्रकाशतंतू यांची जात भिन्न असली तरी हा न्याय दोहोंस लागू पडतो.

याच्या उलट उदाहरण नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे. तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या असून त्या प्रकाशतंतूंनीच मध्यवर्ती इमारतीशी बांधलेल्या आहेत. तिच्या वर्धनात ग्रहणाचा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला, आणि हे काम जुनी यंत्रणा चालू ठेवून झाले. येथे प्रथम प्रश्न ठरला तो शास्त्रज्ञास आकाशातून काय ऐकावयाचे आहे हा. तंतूची क्षमता त्यावरून निघाली. यावर कोणी म्हणेल की तेथे दुर्बीण, तंतू व गरज ही तिन्ही एकाच संस्थेच्या स्वाधीन आहेत; अनेक धन्यांच्या जाळ्यास तो कित्ता कसा गिरवता येईल? आक्षेप खरा आहे. परंतु जेथे धनी अनेक, तेथे वर्णनाची काटेकोरता अधिक हवी, कमी नव्हे.

म्हणून पुढील वर्धनाच्या आराखड्यांत ‘जोडलेली’ या एकट्या विशेषणावर विसंबू नये. ‘एकमार्गी जोडलेली’, ‘भिन्न मार्गांनी जोडलेली’, ‘दारापर्यंत जोडलेली’, ‘प्रयोगशाळेपर्यंत जोडलेली’ असे भेद कोष्टकातच करावेत, आणि प्रत्येक जोडीचा कर्ता कोण हेही लिहावे. असे केल्यास संस्थांची संख्या कदाचित लहान दिसेल. पण पूल दुरुस्तीस निघाला तरी कोणते काम चालू राहील, हे त्या कोष्टकावरून कळेल.