महाविद्यालयीन गुणगौरव समारंभ आणि विद्यार्थिहित : पन्हाळा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

पन्हाळा हा कोल्हापूर जिल्ह्यातील तालुका गडामुळे सर्वपरिचित असला, तरी वारणा आणि कासारी खोऱ्यांत वसलेल्या त्याच्या गावांमधील उच्च शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. राजाराम महाविद्यालय १८८० मध्ये सुरू झाले, पण ते कोल्हापूर शहरात. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची आणि वारणानगर येथील महाविद्यालयाचा आरंभ १९६४ चा. त्यामुळे या परिसरात पदवी घेणारी घरातील पहिली व्यक्ती आजही वर्गात बसलेली आढळते. या पार्श्वभूमीवर महाविद्यालयांच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत स्थिरावलेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभाकडे पाहिले असता, हा गौरव नेमका कोणाचा आणि त्यातून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न टाळता येत नाही.

समारंभाचे स्वरूप सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन व्यासपीठावरील मान्यवरांचे सत्कार, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी आभारप्रदर्शन. या क्रमात विद्यार्थ्याचे स्थान शोधावे लागते. त्याचे नाव पुकारले जाते, तो व्यासपीठावर येतो, स्मृतिचिन्ह स्वीकारतो, छायाचित्रापुरता थांबतो आणि उतरतो. त्याला मनोगत व्यक्त करण्याची संधी मिळालीच, तर ती वेळेअभावी दोन मिनिटांची असते. वेळेचा अभाव पाहुण्यांच्या परिचयात मात्र क्वचितच जाणवतो. ज्याच्या नावाने समारंभ होतो त्यालाच सर्वांत कमी अवकाश मिळावा, ही विसंगती केवळ नियोजनातील त्रुटी मानता येणार नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९८२ मध्ये विधींविषयी केलेले विवेचन येथे उपयुक्त ठरते. त्यांच्या मते विधीचे महत्त्वाचे कार्य माणसाला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेणे हे नसून, ज्यांच्यासाठी तो विधी आहे आणि ज्यांच्यासाठी तो कधीच नसेल, त्यांच्यातील सीमारेषा अधिकृत करणे हे होय. गुणगौरव समारंभात मूठभर विद्यार्थी व्यासपीठावर जातात आणि उरलेले टाळ्या वाजवितात. पहाटे दुधाच्या धारा काढून, डेअरीत दूध घालून, एस.टी.ने महाविद्यालयात येणारा आणि द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण होणारा विद्यार्थी या रेषेच्या कोणत्या बाजूस असतो, हे वेगळे सांगावयास नको.

ज्यांचा गौरव होतो त्यांनाही लाभ होतोच असे नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालकांपैकी काहींना प्रमाणपत्राचे आमिष आधी दाखविण्यात आले. पुढे मोकळ्या वेळेत याच बालकांची चित्रकलेतील रुची घटल्याचे आढळले. ज्यांना तेच बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्या बाबतीत अशी घट दिसली नाही. बालवाडीतील निष्कर्ष पदवीच्या वर्गास जसाचा तसा लावणे धाडसाचे ठरेल. तथापि, दरवर्षी त्याच टक्केवारीसाठी तेच स्मृतिचिन्ह ठरलेले असेल, तर विद्यार्थी विषयाकडे वळतो की टक्केवारीकडे, एवढी शंका घेण्यास तो पुरेसा आहे.

मग हे समारंभ सर्वस्वी निरर्थक म्हणावेत काय? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. मुलीच्या सत्कारासाठी शेतातील काम सोडून आलेले आईवडील प्रथमच महाविद्यालयाचे आवार पाहतात, हा प्रसंग लहान नाही. चारचौघांत झालेल्या कौतुकामुळे ‘आणखी दोन वर्षे शिकू दे’ असा निर्णय एखाद्या घरात होऊ शकतो. दुसरा लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. सूत्रसंचालन करणारी विद्यार्थिनी, जमाखर्च ठेवणारा आणि मंडपवाल्याशी दर ठरविणारा विद्यार्थी प्रत्यक्ष काही शिकून जातात. वारणानगरच्या बालवाद्यवृंदाचा लौकिक येथे आठवतो. त्या मुलांचे कौतुक झाले ते वादनाचे, आणि वादन हेच त्यांचे शिक्षण होते. शिकणे आणि कौतुक यांच्यात तेथे अंतर नव्हते.

कोल्हापूरच्या भूमीत तर विद्यार्थ्याचा सन्मान म्हणजे काय, याचा वेगळाच वस्तुपाठ घालून दिलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर हजारो मुलांना उभे केले. राहण्याची जागा, जेवण आणि श्रमाचा मोबदला या गोष्टींनी विद्यार्थ्याची किंमत ओळखली गेली. एका समारंभावर होणारा मंडप, भोजन व स्मृतिचिन्हांचा खर्च किती विद्यार्थ्यांच्या एस.टी. पासाएवढा होतो, हा हिशेब प्रत्येक महाविद्यालयास सहज मांडता येईल. तो अहवालात मात्र येत नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी साहाय्य हा निकष योग्यच आहे. परंतु साहाय्याचा पुरावा म्हणून छायाचित्र सादर करणे साहाय्यापेक्षा सोपे असल्याने समारंभांची संख्या वाढणे स्वाभाविक होते.

समारंभाच्या वेळेचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण नाही. दुपारी ठरलेला कार्यक्रम पाहुण्यांच्या आगमनाअभावी लांबला की बाजारभोगावच्या पलीकडील वाड्यावस्त्यांवरील विद्यार्थ्यांना गाडी गाठण्यासाठी उठावे लागते. त्यात मुली अधिक असतात.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून घोषित केला. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा प्रवेश नोंदविला गेला. हा दिवस कोणत्याही गुणवत्ता यादीचा वा पदकाचा नाही. ज्या मुलास वर्गात इतरांपासून वेगळे बसविले जाई, त्याचे नाव हजेरीपटावर आल्याचा तो दिवस आहे. तो साजरा करावयाचा तर प्रवेश न घेतलेल्या वा मध्येच शिक्षण सोडलेल्या मुलामुलींच्या घरी जाणे अधिक सयुक्तिक ठरले असते. प्रत्यक्षात भर राहिला तो वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांवर. २०१८ मध्ये तर ७ नोव्हेंबर रोजी लक्ष्मीपूजन होते आणि विद्यार्थी आपापल्या गावी होते.