काथ्या, वाख आणि जन्मठेप

अंदमानला निघालेल्या मराठी माणसाचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, तो शाळेच्या पाठ्यपुस्तकात सुरू होतो. आमच्या पस्तीस जणांच्या गटातले बहुतेक लोक असेच आलेले होते. पोर्ट ब्लेअरला (२०२४ मध्ये या शहराचे नाव बदलून श्री विजयपुरम करण्यात आले) उतरल्याबरोबर त्यांनी चपला केव्हा काढायच्या हे विचारून घेतले. मी कॉलेजातल्या दोन सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर आलो होतो आणि खरे सांगायचे तर मनात थोडी अढी धरूनच आलो होतो. आपल्या प्रस्थापित वाङ्मयाने तुरुंगवासाचा सगळा अनुभव एका कोठडीत कोंडून ठेवला आहे, अशी माझी जुनी तक्रार आहे. परत येताना ती तक्रार कमी झाली नाही. तिचे स्वरूप मात्र बदलले, आणि ते कसे बदलले हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधले गेले. बांधणारेही कैदीच. मधल्या मनोऱ्याभोवती तीन मजली सात इमारती, चाकाच्या आऱ्यांसारख्या. प्रत्येक इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे माणसाला माणूस दिसू नये. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद, आणि झरोका इतका उंच की त्यातून आभाळाचा तुकडा तेवढा कळावा. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी हे राष्ट्रीय स्मारक झाले. मी एका रिकाम्या कोठडीत पाच मिनिटे दार लोटून उभा राहिलो. ही जागा माणसाला वेड लावण्यासाठी बांधली आहे हे समजायला पाच मिनिटे पुरतात. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये येथे गळफास घेतला, उल्हासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला. या छळाविषयी ज्याच्या मनात शंका असेल त्याने या लेखाच्या वाटेला जाऊ नये.

अंगणातल्या शेडमध्ये कोलू मांडलेला आहे. बैलाच्या जागी माणूस. दिवसाला तीस पौंड खोबरेल निघाले नाही तर शिक्षा. शेजारी काथ्याचे काम: नारळाची सोडणे कुटायची, त्यातून धागा सोडवायचा, त्याचा दोर वळायचा. आपल्याकडे निष्फळ चर्चेला काथ्याकूट म्हणतात. म्हणणाऱ्याने तो कधी कुटलेला नसतो. गाइड सांगत होता, “सोचिए साहब, बी. ए., बॅरिस्टर, ऐसे लोगों से ये काम करवाते थे!” गटातले लोक हळहळले. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक डोळे पुसू लागले.

माझे डोळे कोरडे राहिले, कारण मला त्या क्षणी माझे आजोबा दिसत होते.

आमच्या गावी मांगवाड्याच्या खालच्या अंगाला ओढ्यात एक डबके होते. केकताडाची पाने कापून आणायची, त्या डबक्यात दगडाखाली दाबून आठ-दहा दिवस कुजवायची. मग ती काढून लाकडी मोगरीने ठेचायची, धुवायची, त्यातून वाख निघायचा. त्या वासाने लोक नाक दाबून जात. केकताडाच्या रसाने हाताला खाज सुटे, कातडी सोलून निघे. त्या वाखाची दावी, कासरे, नाडे, चऱ्हाटे आजोबा वळीत, आणि पोळ्याला बैलांचा नवा साज घरोघर पोचवीत. मोबदला खळ्यावरचे बलुते, तेही मागून, आणि ओंजळीत वरून टाकलेले. आजोबांचा तळवा मी हातात धरलेला आहे. त्यावरच्या रेषा ज्योतिषालाही वाचता आल्या नसत्या.

काम तेच. कुटणे तेच, सोलणे तेच, वळणे तेच. अंदमानात त्याचे नाव अमानुष छळ होते. गावात त्याचे नाव पिढीजात धंदा होते.

मी हे रात्री सहकाऱ्यांना बोलून दाखवले, तेव्हा त्यांतल्या एकाने मला अडवले. तो मित्र आहे आणि चळवळीतला आहे, म्हणून त्याचे म्हणणे येथे जसेच्या तसे देतो. “तुझे आजोबा संध्याकाळी घरी जात होते. त्यांना बायकामुले होती. त्यांच्या पायात बेडी नव्हती, पाठीवर फटका नव्हता. दोन दुःखांची अशी बेरीज-वजाबाकी करू नकोस, ती आपल्याही लेखनाला शोभत नाही.” हा आक्षेप खरा आहे. एकांत, फटके आणि परत न जाण्याची खात्री या गोष्टी दोर वळण्यात येत नाहीत. मी दोन्ही एक आहेत असे म्हणत नाही. माझा प्रश्न समीक्षेचा आहे: आपली करुणा नेमकी कशाने जागी होते? कामाने, की ते काम कोणाच्या हातात आले त्याने? “ऐसे लोगों से” या तीन शब्दांत गाइडने आपल्या अभिरुचीचे सगळे शास्त्र सांगून टाकले. काम अमानुष असेल तर ते सर्वांच्याच हाताला अमानुष असले पाहिजे.

अंदमानच्या आठवणींचे वाङ्मय मोठे आहे. १८५७ नंतरच्या काळातले जाफर थानेसरी, पुढे बारींद्रकुमार घोष, उपेंद्रनाथ बंदोपाध्याय, भाई परमानंद, आणि मराठीत १९२७ चे ‘माझी जन्मठेप’. सावरकर १९११ मध्ये येथे आले आणि १९२१ मध्ये गेले. त्यांच्या अर्जांवरून आज दोन तट पडले आहेत. एक तट कोठडीपुढे डोके टेकवतो, दुसरा तेथेच उभा राहून अर्जांच्या तारखा मोजतो. दोघांचाही तुरुंग एकाच कोठडीएवढा आहे, म्हणून मी त्या भांडणात पडत नाही. मी ते पुस्तक वाङ्मय म्हणून वाचतो, आणि वाङ्मय म्हणून त्यात बळ आहे हे मान्य करतो. ते बळ पतनाचे आहे. वरून खाली पडलेल्या माणसाला खालची जमीन किती कठीण आहे हे एकदम कळते आणि तो ओरडून उठतो. तळाशीच जन्मलेल्या माणसाला पडण्याचा तो क्षण मिळत नाही. म्हणून त्याच्या दुःखाला नाट्य नसते, कथानक नसते, आणि मग टीकाकार म्हणतात की दलित लेखन एकसुरी आहे. जन्मठेप या शब्दाचा आमच्याकडे पहिल्यापासून एकच अर्थ होता: जन्म हीच ठेप. त्यासाठी न्यायाधीश लागला नाही आणि वर्षांची मुदतही कोणी सांगितली नाही.

या पुस्तकांत साधा कैदी कोठे दिसतो? तो चोर असतो, दरोडेखोर असतो, चहाडखोर वॉर्डर असतो. तो पार्श्वभूमी असतो. मनोऱ्यात संगमरवरी फलकांवर राजबंद्यांची नावे कोरली आहेत, ती मी सावकाश वाचली. हे बांधकाम ज्यांनी केले त्यांचा तेथे फलक नाही. १९२१ च्या मलबारच्या उठावातले मोपला शेतकरी काळ्या पाण्यावर आणले गेले. वंडूर, मंजेरी, कालिकत ही त्यांच्या गावांची नावे दक्षिण अंदमानात आजही आहेत, आणि आमचा गट वंडूरच्या किनाऱ्यावर नारळपाणी पिऊन आला. जमीनदाराविरुद्ध आणि सरकारविरुद्ध उठलेला कुळवाडी हा राजकीय माणूस आहे, हे आमच्या गाइडच्या गावीही नव्हते. राजबंदी कोण, हे ठरवणारी मोजपट्टीच वरच्यांची होती. जतींद्रनाथ दास १९२९ मध्ये उपोषणात गेले, त्यानंतर १९३० मध्ये सरकारने कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. निकष काय? सामाजिक दर्जा, शिक्षण, राहणीमान. चातुर्वर्ण्याला एक वर्ण कमी करून इंग्रजाने तुरुंगात आणले म्हणा ना.

तुरुंगासमोरच्या बागेत पुतळे आहेत. १९३३ च्या उपोषणात गेलेले महावीर सिंग, मोहन किशोर नमदास, मोहित मोइत्र येथे आहेत. उजेड, पुस्तके, खाता येईल असे अन्न, एवढ्यासाठी ही माणसे मेली. त्यांच्यापुढे मी हात जोडले, कोणी सांगितले म्हणून नाही. त्याच बागेत रामरखा आहेत. पंजाबातल्या या ब्राह्मण क्रांतिकारकाचे जानवे तुरुंगात काढून घेण्यात आले. त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. या पुतळ्यापुढे मी जास्त वेळ थांबलो. आपल्या विवेकाशी सत्ता खेळते तेव्हा मरण पत्करणारा माणूस मोठाच. परंतु ज्या धाग्यासाठी तो मेला, त्याच धाग्याने माझ्या आजोबांना देवळाच्या पायरीखाली ठेवले होते. मला दोन्ही एकाच वेळी खरे वाटले, आणि हा पेच मला येथे सोडवता येत नाही.

रात्री लघवीसाठी कोठडीत एक मडके असे, असे गाइडने सांगितले. दिवसा शौचाच्या वेळाही ठरलेल्या. बाकी वेळ माणसाने कळ दाबून धरायची. या यातनेचे वर्णन आठवणींत आहे आणि ते वाचवत नाही. मी गाइडला विचारले, “सकाळी ते मडके कोण उचलत होते?” तो हसला आणि पुढच्या कोठडीकडे वळला. त्याचे उत्तर तुरुंगांच्या नियमपुस्तकांत आहे. सफाईचे काम सफाईच्या जातींच्या कैद्यांना, स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्यांना. ज्या बंगालने अंदमानला सर्वांत जास्त राजबंदी दिले, त्या बंगालच्या तुरुंग-नियमांत मेहतर, हाडी, चांडाल ही नावेच लिहून ठेवलेली होती, आणि ती पश्चिम बंगालमध्ये एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्यास सांगितले. १९४७ नंतर सत्त्याहत्तर वर्षे. तुरुंगात जाऊन आलेले किती मंत्री आणि मुख्यमंत्री या काळात होऊन गेले! त्यांच्या आठवणींत पुस्तके आहेत, चिमण्या आहेत, सूत आहे. रकाना नाही.

संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमात आवारातला पिंपळ बोलतो. पिंपळ बरेच बोलला. मडक्याविषयी तोही बोलला नाही.

आता काळ्या पाण्याविषयी. समुद्र ओलांडला की जात जाते, ही हिंदूंची धास्ती इंग्रजांना ठाऊक होती आणि तिचा त्यांनी उपयोग करून घेतला. पण ही धास्ती कोणाची? ज्याच्याजवळ जाण्यासारखी जात होती त्याची! आमच्या माणसाला या शिक्षेत घर तुटण्याचे दुःख होते, बाटण्याचे नव्हते. आणि गंमत पाहा. शिक्षेची मुदत बरीचशी काढलेल्या कैद्यांना येथे शेती करायला, लग्न करायला परवानगी मिळे. स्त्री-कैदीही आणलेल्या होत्या. कोण कुठल्या प्रांताची, कोण कुठल्या जातीचा, यांची लग्ने झाली आणि त्यांची मुले स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवू लागली. आमचा बसचालक त्यांपैकी. मी त्याला आडनाव विचारले, कारण मराठी माणसाला आडनावाशिवाय चैन पडत नाही, मलाही नाही. तो म्हणाला, “परदादा कहाँ के थे, परदादी कहाँ की, घर में कोई पक्का नहीं बताता। जो पूछेगा वो अपनी भी बताए।” मुख्याध्यापक मागच्या बाकावरून म्हणाले, “बिचारे! मूळच हरवले.” मला त्या चालकाचा हेवा वाटला. जाती मोडल्या एवढा एक गुन्हा या तुरुंगाने नकळत केला, आणि त्याचे स्मारक कोठे नाही. चालकाने पुढे हेही सांगितले की हल्ली पोरांच्या लग्नात लोक पुन्हा विचारू लागले आहेत.

शेवटच्या दिवशी बाराटांगला जायचे होते. जारवांच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या ताफ्यानेच सोडतात, म्हणून पहाटे चारच्या आत निघावे लागते. वाटेत फेरारगंज लागले. या भागात १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातल्या भांतू लोकांना आणून वसवले, साल्व्हेशन आर्मीच्या देखरेखीखाली. त्यांचा गुन्हा काय होता? १८७१ च्या कायद्याने ती जमातच गुन्हेगार ठरवली होती. मूल जन्मले की आरोपी. आपल्याकडे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत हेच चालले होते, आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले तेव्हा त्यातली चोरी पाहून दचकलेल्या वाचकांनी तो कायदा पाहिलाच नाही. कायदा १९५२ मध्ये गेला, ठाण्यातली नजर गेली नाही. मी चालकाला गाडी पाच मिनिटे थांबवायला सांगितले. तो म्हणाला, “साहब, फाटक का टाइम निकल जाएगा।” अंधारात दोन-चार दिवे दिसले, एक कुत्रे भुंकले. बसमध्ये सगळे झोपलेले होते.

सहा वाजता जिरकाटांगचे फाटक उघडले. फोटो काढू नका, खायला देऊ नका, गाडी थांबवू नका, असे फलक लावलेले होते. झाडीत काही हलले की काय असे कोणालातरी वाटले, आणि पस्तीसच्या पस्तीस माणसे एकदम जागी होऊन खिडक्यांकडे सरकली. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून घेतला. मीही मान वळवली होती.