जिव्या सोमा म्हसे : समूहाची कला आणि व्यक्तीची ओळख

प्रास्ताविक

आदिवासी कलेची समीक्षा बहुधा समूहाच्या नावाने केली जाते. जमात पुढे येते व कलावंत मागे राहतो. वसई-विरारच्या पूर्वेकडील पाड्यांपासून डहाणू-तलासरीपर्यंत वस्ती असलेल्या वारली समाजाच्या चित्रकलेबाबत हे विशेषत्वाने घडले आहे. या पट्ट्यातील अनेक सार्वजनिक भिंतींवर वारली आकृत्या दिसतात. पण त्या कोणी रेखाटल्या हे क्वचितच नमूद असते. या पार्श्वभूमीवर डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात राहिलेले चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांची कारकीर्द तपासणे उद्बोधक ठरते.

परंपरेचे स्वरूप

वारली चित्रकला मूलतः विवाहविधीचे अंग होय. गेरू व शेणाने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक रेखाटतात. चौकात पालघाट देवीची स्थापना होते, धवलेरी गाणी गाते आणि त्यानंतरच विवाह सिद्धीस जातो. या चित्राला सही नसते. ते टिकावे अशीही अपेक्षा नसते. म्हणजेच येथे निर्मिती स्त्रियांची व सामूहिक असून ‘चित्रकार’ ही स्वतंत्र भूमिकाच नाही.

भिंतीपासून कागदापर्यंत

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद व रंग पोहोचविले. म्हसे त्यापूर्वीच विधीची निकड नसताना केवळ स्वतःच्या ओढीने चित्रे काढीत. बालपणी मातृवियोगाच्या आघाताने त्यांची वाचा काही वर्षे थांबली होती व त्या काळात ते धुळीत आकृत्या काढून संवाद साधीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ही हकीकत लक्षात घेतल्यास चित्र हे त्यांच्यासाठी विधीपूर्वी भाषा होती, असे म्हणता येईल. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिस येथील ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांची चित्रे मांडली गेली. २०११ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या मान्यतेत एक विसंगती आहे. पुरस्कार व्यक्तीला मिळाला, परंतु वर्णन ‘वारली कलावंत’ असेच राहिले. लाँग यांच्याकडे एक स्वतंत्र कलावंत म्हणून पाहिले जाते. म्हसे यांना मात्र जमातीचे प्रतिनिधित्व करावे लागते.

चित्रांची साक्ष

त्यांची चित्रे मात्र या चौकटीत मावत नाहीत. मासेमारीच्या जाळ्याची चित्रे याचे उत्तम उदाहरण होय. त्रिकोण, वर्तुळ व रेषा ही सामग्री परंपरेचीच आहे. परंतु अत्यंत बारीक रेषांनी विणलेले जाळे जवळजवळ संपूर्ण पृष्ठभाग व्यापते आणि माणसे त्याच्या कडेला लहान होत जातात. लग्नचौकाची रचना देवतेभोवती केंद्रित असते; येथे केंद्रच नाहीसे झाले आहे. हा बदल विधीने घडविलेला नाही. तो एका चित्रकाराचा निर्णय आहे. व्यक्तिमत्त्व येथे विषयातून नव्हे, तर रेषेच्या घनतेतून प्रकट होते.

तथापि या यशाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. विधीतून सुटलेल्या चित्राबरोबर कर्तृत्वाचे श्रेयही स्त्रियांच्या हातून प्रामुख्याने पुरुष चित्रकारांकडे गेले. म्हसे यांचे पुत्र सदाशिव व बाळू यांनी हा वारसा पुढे नेला. ज्या सवाशिणींच्या हातांनी ही रेषा सांभाळली, त्यांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत.

समारोप

वारली चित्रकलेस लाभलेली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी समूहाच्या नावाचे रक्षण करते. व्यक्तीच्या शैलीची ओळख करून देण्याचे काम समीक्षेचे व अध्यापनाचे आहे. महाविद्यालयीन स्पर्धांतून ‘वारली’ हा तयार नमुना म्हणून गिरविला जातो, तेव्हा म्हसे यांची जाळी आणि सवाशिणींचा चौक यांतील फरकच पुसला जातो. हा फरक वर्गात दाखविणे, तसेच आज चौक रेखाटणाऱ्या स्त्रियांची नावे त्यांच्या संमतीने नोंदविणे, हे या परिसरातील महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे आहे.