अंध बालकांचे बालोद्यान-शिक्षण : इतिहासलेखनातील एक उणीव

अंधशिक्षणाचा इतिहास सामान्यतः लिपीच्या अनुरोधाने सांगितला जातो. लुई ब्रेल यांची १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेली लिपी, अमृतसर येथे १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी काढलेली भारतातील पहिली अंधशाळा, मुंबईत १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी सुरू केलेली व पुढे कमला मेहता यांच्या नावाने ओळखली गेलेली दादरची शाळा, १९०२ मधील व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा, १९३४ मधील पुण्याची अंधशाळा आणि १९५१ च्या सुमारास सर्व भारतीय भाषांसाठी मान्य झालेली भारती ब्रेल, असा त्याचा क्रम असतो. हा क्रम चुकीचा नाही. तथापि तो अपुरा आहे. लिपी हा इतिहासाचा कणा मानला की बालकाचा त्या इतिहासात प्रवेश होतो तो अक्षरओळखीच्या वयात. त्यापूर्वीची पाच-सहा वर्षे कोरी राहतात. वस्तुतः अंध बालकाच्या बाबतीत निर्णायक ठरतात ती हीच वर्षे.

याचे कारण शारीरिक आहे, तसेच मानसिकही आहे. डोळस अर्भक वस्तू पाहून हात पुढे करते, पुढे रांगू लागते. अंध अर्भकाला वस्तूचे हे आमंत्रण मिळत नाही. नुसत्या आवाजाच्या दिशेने हात नेणे त्याला बऱ्याच उशिरा साधते आणि त्यामुळे रांगणेही लांबते, हे सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. तेव्हा ज्या हाताने पुढे ब्रेलचे ठिपके वाचावयाचे, तो हात आधी जागा व्हावा लागतो. लिपी ही हाताच्या शिक्षणाची दुसरी पायरी होय. पहिली पायरी बालोद्यानाची.

या दृष्टीने फ्रोबेलकडे पाहणे उद्बोधक आहे. त्याने १८३७ मध्ये सुरू केलेल्या व १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ असे नाव दिलेल्या संस्थेत लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन व वृत्तचिती, तसेच आठ लहान घनांत विभागलेला घन अशी साधने होती. ती डोळस मुलांसाठी योजलेली असली, तरी चेंडूंचे रंग वगळता त्यांतील जवळजवळ सर्व बोध हाताला होणारा आहे. फ्रोबेल आणि ब्रेल हे दोघेही १८५२ मध्ये निवर्तले. त्यांच्या कार्याची सांगड घालण्याचे काम पुढील पिढीकडे आले. बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेचे संचालक मायकेल अनॅग्नोस यांनी १८८७ मध्ये जमैका प्लेन येथे अंध बालकांसाठी स्वतंत्र बालोद्यान उघडले. अमृतसरच्या शाळेचे वर्षही हेच. एकीकडे बालोद्यान आणि दुसरीकडे शाळेचाच आरंभ, हे अंतर लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात या दोन विचारांचे प्रवाह समांतर वाहिले. ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि माँटेसरी पद्धतीला येथे भारतीय रूप मिळाले. या पद्धतीत डोळ्यांवर पट्टी बांधून स्पर्शाने वस्तू ओळखण्याचा पाठ आहे. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरविण्याचाही आहे. तिचे मूळ इतार व सेगँ यांच्या विकलांग मुलांसाठी केलेल्या प्रयोगांत आहे. म्हणजे डोळस मुलाला घटकाभर अंध करून जे शिकवावयाचे, ते अंध मुलाला सर्वांत आधी मिळावयास हवे होते. तथापि बालशिक्षणाच्या चळवळीत अंध बालक हा मुख्य विषय झाला नाही आणि अंधशाळांत शिशुवर्ग हा केंद्रस्थानी आला नाही.

याचा दोष अंधशाळांवर ढकलणे अन्यायाचे होईल. अपुऱ्या साधनांत निवारा, अक्षरज्ञान आणि उपजीविकेचा हस्तव्यवसाय ही तिहेरी जबाबदारी त्यांना पेलावी लागली. शिवाय तीन वर्षांचे मूल आईपासून तोडून वसतिगृहात ठेवणे हाही इष्ट उपाय नव्हे. बॉस्टनच्या निवासी नमुन्याची मर्यादा येथेच दिसते. शाळा मुलाच्या अंगणात नेण्याची ताराबाईंची कल्पना या प्रश्नाला अधिक जवळची आहे.

सांगली जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास मुद्दा स्पष्ट होतो. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून निर्माण झालेल्या व १९६० पासून सांगली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात मिरजेला वैद्यकीय सेवेची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. जत वा आटपाडीकडील आईबाप मुलाचे डोळे दाखविण्यासाठी मिरज गाठू शकतात. परंतु ‘दृष्टी येणार नाही’ हे निदान म्हणजे उपचाराचा शेवट असला, तरी शिक्षणाचा आरंभ असावयास हवा. नेत्रतज्ज्ञ आणि गावची अंगणवाडी यांच्यामधला दुवाच येथे महत्त्वाचा आहे.

कायद्यानेही ही उणीव पूर्णपणे भरून काढलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती केंद्र शासनाने जाहीर केली. ही पावले योग्य दिशेची आहेत. मात्र धोरण आणि हक्क यांत भेद आहे. इतिहासाने जी वर्षे कोरी ठेवली, तीच हक्काच्या कक्षेबाहेर राहावीत, हा केवळ योगायोग नव्हे. शिक्षणाची गणना अक्षरापासून करण्याची सवयच त्याच्या मुळाशी आहे. अंधशिक्षणाचा इतिहास हातापासून लिहिला गेला, तर ही सवय मोडण्यास निदान प्रारंभ होईल.