ऐकण्याची मूर्ती

ताला येथील ज्या मूर्तीला ‘रुद्रशिव’ हे नाव रूढ झाले आहे, तिचे वर्णन करणे फारसे अवघड नसावे, असा समज प्रचलित वर्णने वाचून कोणाचाही होईल. मस्तकावर सर्पांचे वेढे, नाकाच्या ठिकाणी सरडा, मिशांच्या ठिकाणी दोन मासे, हनुवटीच्या ठिकाणी खेकडा, कानांच्या ठिकाणी मोर, खांद्यांवर मकरमुखे, छातीवर व पोटावर मानवी चेहरे, गुडघ्यांवर सिंहमुखे. एवढी यादी दिली की वर्णनकार मोकळा होतो. मनियारी नदीच्या काठी, देवरानी मंदिराच्या परिसरात १९८८ साली ही मूर्ती मिळाली. लाल वालुकाश्म, उंची सुमारे नऊ फूट, वजन पाच टनांहून अधिक, काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक. डोळस वाचकाला ही यादी पुरते, कारण तिच्या शेजारी छायाचित्र असते. रायपूरच्या शंकरनगरातून बिलासपूरच्या वाटेने निघून तालापर्यंत पोचलेल्या अंध रसिकाच्या हाती मात्र यादीच उरते. आणि यादीतील प्रत्येक शब्द खरा असूनही तिच्यातून मूर्ती उभी राहत नाही.

याचे कारण क्रमात आहे. डोळ्याला प्रथम मासा किंवा खेकडा दिसत नाही. प्रथम दिसतो तो समपाद उभा असलेला एक स्थूल, उग्र पुरुष. मग नजर स्थिरावते, आणि त्याची मिशी मिशी राहत नाही, गुडघा गुडघा राहत नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत ज्याला विरोधलय म्हणता येईल ती याच क्षणी जन्म घेते. पुरुष आधी सिद्ध झालेलाच नसेल, तर त्याला फोडून बाहेर येणाऱ्या प्राण्यांचे नवल ते काय? यादी ऐकणाऱ्याच्या मनात उरतो तो केवळ प्राणिसंग्रह.

येथे स्पर्शाचा प्रश्न उपस्थित होतो. शिल्प ही मूलतः स्पर्शाची कला आहे, असा सिद्धान्त हेर्डरने १७७८ साली मांडला. आणि शिल्पाचे सौंदर्य डोळ्यांपेक्षा हातालाच अधिक कळत असेल काय, अशी शंका हेलन केलरने १९०३ सालच्या आत्मकथनात बोलून दाखवली. दोघांचेही म्हणणे मोहक आहे; पण नऊ फुटी मूर्तीपुढे ते अपुरे पडते. जमिनीवर उभ्या माणसाचा हात सहज पोचतो तो गुडघ्यावरील सिंहमुखापर्यंत, पोटावरील चेहऱ्यापर्यंत. मुख त्याच्या डोक्याच्याही वर राहते. म्हणजे हाताला भाग आधी मिळतो आणि पुरुष कधीच मिळत नाही. शिवाय वालुकाश्मासारख्या दगडावर शेकडो हात रोज फिरू देणे कोणत्याही संरक्षकाला मान्य होणार नाही, आणि ते योग्यच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली ‘अनुभव’ हे स्पर्शदालन उघडले तेही प्रतिकृतींचेच.

प्रतिकृती लहान झाली की मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. हातभर उंचीची मूर्ती दोन्ही तळव्यांत मावते. तळव्यांना आधी पुरुष कळतो आणि बोटांच्या टोकांना नंतर प्राणी. डोळ्याचा क्रम हाताला परत मिळतो. जे हरवते ते आकारमान आणि त्याबरोबर येणारा धाक. तो शब्दांनी भरून काढावा लागतो: श्रोत्याने आपला हात वर ताणावा आणि मूर्तीचे मुख त्या बोटांच्या आसपास आहे असे त्याला सांगावे, म्हणजे फुटांच्या आकड्याहून अधिक काही साधते.

वर्णन कोठून सुरू करावे याचा विचार आपल्या परंपरेने कधीच केला आहे. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गावरील टीकेत मल्लिनाथ संकेत सांगतो की मानवाचे वर्णन मस्तकापासून करावे, देवांचे चरणांपासून. पंढरपुरात पददर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. दृष्टिहीन वारकऱ्याला चरणांवर टेकलेल्या हातांनी जे मिळते त्यात वरचे रूप भरण्याचे काम अभंगांनी शतकानुशतके केले आहे. तालाच्या मूर्तीसाठीही हाच क्रम स्वीकारावा. आधी दोन वाक्यांत पुरुष उभा करावा, मग चरणांकडून वर चढावे.

उपमांच्या बाबतीत सावधगिरी हवी. मासा आणि खेकडा कोणत्याही स्वयंपाकघरात हाताला लागलेले असतात. सिंहाला कोणीच स्पर्श केलेला नसतो. जन्मांधाला ‘सिंहासारखे’ म्हणणे म्हणजे अज्ञाताने अज्ञात समजावणे होय. तेथे रुंद नाक आणि पसरलेला जबडा असे साधे शब्दच कामाला येतात. आणि लिंगाच्या स्थानी कासवाचे मुख आहे, हे संकोचाने गाळले जाऊ नये. डोळस पाहुणा ते न सांगताही पाहतो. अंध श्रोत्याकडून मात्र ते निवेदकाच्या सभ्यतेने हिरावले जाते.

राहिले नाव. मूर्ती रुद्रशिवाची, पशुपतीची की आणखी कोणाची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तरीही श्राव्य वर्णन सुरू होते ते नावानेच, आणि पुढचे सारे त्या नावाच्या छायेत ऐकले जाते. डोळ्यांनी पाहणारा फलक वाचण्यापूर्वी मूर्ती पाहून घेतो. ऐकणाऱ्यालाही गुडघे, पोट, छाती, मुख हे सारे आधी मिळावे. फलकावर काय लिहिले आहे ते त्याला सर्वांत शेवटी, तो विचारील तेव्हा सांगावे.