बोट लागणे : समुद्रप्रवासाच्या वर्णनांतील शरीर आणि समीक्षेचे मौन

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे प्राचीन मंदिरांसाठी ओळखले जाणारे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. या परिसरातील बहुसंख्य विद्यार्थ्यांचा जहाजाशी संबंध पाठ्यपुस्तकापुरताच येतो. तरीही ‘बोट लागणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ त्यांना समजावून द्यावा लागत नाही. कारण ‘एसटी लागणे’ त्यांनी अनुभवलेले असते. मात्र याच अनुभवाला प्रवासवर्णनाच्या समीक्षेत स्थान मिळालेले दिसत नाही. समुद्रप्रवासाची चर्चा समुद्रयानबंदी, प्रायश्चित्त, जातिबहिष्कार आणि पाश्चात्य संस्कृतीचे प्रथमदर्शन या अंगांनी झाली आहे. ज्या शरीराने हा प्रवास सोसला त्या शरीराविषयी मात्र आपण फारसे बोललेलो नाही. या मौनामुळे वाङ्मयीन मूल्यमापनात कोणता दोष शिरतो, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘लागणे’ या क्रियापदाची अर्थच्छटा

मराठीत ऊन लागते, थंडी लागते, दृष्ट लागते, तशीच बोटही लागते. या सर्व प्रयोगांत कर्तेपण बाहेरच्या गोष्टीकडे आहे. माणूस केवळ भोगणारा आहे. ‘मला बोट लागते’ असे म्हणणारा स्वतःकडे दोष घेत नाही. याउलट ‘समुद्रविकार’ यासारखा संस्कृतप्रचुर पर्याय रोगाचे स्थान शरीरात ठेवतो. शास्त्राच्या दृष्टीने पाहता लोकभाषेचा प्रयोग अधिक यथार्थ ठरतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

जहाजाची गती आणि तोलाचे इंद्रिय

लाटांवरील जहाज सहा प्रकारे हलते. ते बाजूंना डुलते, पुढचे टोक वर-खाली करते आणि दिशा बदलत वळते. तसेच ते पुढे-मागे सरकते, आडवे सरकते आणि सबंध वर उचलले जाऊन खाली येते. यांपैकी उभे वर-खाली होणे सर्वाधिक त्रासदायक असते. 1970 च्या दशकापासून झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की साधारणतः पाच सेकंदांत एक हेलकावा या संथ लयीत मळमळ सर्वांत जास्त होते. त्याहून पुष्कळ जलद थरथर अंग खिळखिळे करील, पण ओकारी आणीलच असे नाही.

अंतर्कर्णातील तोलाची इंद्रिये ही गती टिपतात. बंद खोलीत बसलेल्या प्रवाशाचे डोळे मात्र भिंती स्थिर असल्याचे सांगतात. या दोन साक्षींचा परस्परांशी आणि पूर्वानुभवाशी मेळ बसत नाही, म्हणून मळमळ उद्भवते. हा इंद्रियविसंवादाचा सिद्धांत रीझन आणि ब्रँड यांनी 1975 च्या ग्रंथात विस्ताराने मांडला. ज्यांच्या अंतर्कर्णातील तोलाची इंद्रिये मुळातच निकामी असतात त्यांना बोट लागत नाही, ही बाब येथे निर्णायक आहे. म्हणजे बोट लागणे हे मनाच्या दुर्बलतेचे नव्हे, तर शाबूत इंद्रियाचे लक्षण होय. घाटात एसटीचे वारंवार ब्रेक लागतात आणि वळणे येतात, तेव्हा अशीच संथ गती निर्माण होते. चालकाला त्रास होत नाही. कारण पुढचे वळण त्याला आधी दिसते आणि वाहनाची गती त्याच्याच हाती असते.

दोन प्रवासी, एक बंदर

हे ज्ञान हाती घेऊन दोन सुपरिचित आत्मपर लेखने शेजारी ठेवून वाचता येतात. सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर 20 सप्टेंबर 1878 रोजी मुंबईहून ‘पूना’ या आगबोटीने इंग्लंडला निघाले. 1881 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या युरोपप्रवासाच्या पत्रांत आरंभीच बोट लागल्याचे वर्णन असून, सहा दिवस अंथरुणावरून उठता न आल्याचे ते सांगतात. सुमारे दहा वर्षांनी, 4 सप्टेंबर 1888 रोजी, त्याच मुंबईहून मोहनदास गांधी निघाले. आपल्याला बोट मुळीच लागली नाही, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

बंदर एक, महिना एक, दोघेही तरुण. जहाजे आणि त्या त्या दिवसांचा समुद्र निराळा होता हे मान्य केले, तरी व्यक्तिपरत्वे येणारा फरक येथे ठळकपणे दिसतो. पण अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. गांधीजींना बोट लागली नाही, तरी तेही बराच काळ खोलीतच राहिले. इंग्रजी बोलण्याचा संकोच आणि कोणते पदार्थ निर्मांस आहेत हे विचारण्याचा धीर नसणे यांमुळे बरोबर आणलेली मिठाई व फळे ते खोलीतच खात. एकाला समुद्राने खोलीत ठेवले, दुसऱ्याला संकोचाने. शरीराकडे लक्ष दिल्याशिवाय हा भेद वाचकाच्या ध्यानी येत नाही.

डिसेंबर 1896 मधील नाताळच्या प्रवासात गांधीजींचे जहाज वादळात सापडले. तेव्हा ते प्रवाशांना धीर देत आणि कप्तानाकडील बातमी त्यांना तासातासाने सांगत हिंडले. हा प्रसंग त्यांच्या निर्भयतेचा दाखला म्हणून वाचला जातो. स्वतः गांधीजी मात्र आपल्याला बोट लागत नव्हती हे कारण प्रामाणिकपणे आधी सांगतात. सेवावृत्ती त्यांची होतीच. पण उभे राहण्याचे सामर्थ्य त्या दिवशी अंतर्कर्णाने दिले होते. लेखकाने वेगळे ठेवलेले हे दोन धागे वाचक एकत्र गुंफतो, आणि मग आडव्या पडलेल्या सहप्रवाशांना नकळत भित्रे ठरवतो.

वर्ग, स्थान आणि हेलकावे

जहाजाची गती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी असतात. टोकांकडे व उंचावर ते वाढतात. मोकळी हवा आणि स्थिर क्षितिज मात्र उघड्या डेकवरच मिळते. म्हणून प्रवासी कोठे होता, हा समीक्षकाने विचारण्याचा प्रश्न आहे. ‘माझी जन्मठेप’ (1927) मध्ये सावरकरांनी 1911 च्या अंदमानप्रवासाचे वर्णन केले आहे. तळाच्या पिंजऱ्यात कोंबलेले बंदी आणि शेजारीच मलमूत्राचे पिंप हे त्यातील दृश्य आहे. तेथे क्षितिज नाही आणि जागा बदलण्याचे स्वातंत्र्यही नाही. आनंदाची सफर आणि काळ्या पाण्याची शिक्षा यांतील अंतर येथे शरीराच्या पातळीवर मोजता येते.

पंडिता रमाबाईंनी 1886 च्या हिवाळ्यात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अटलांटिक ओलांडला. त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (1889) या ग्रंथात आरंभीचे प्रकरण लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया या जलप्रवासाचे आहे. पुढील प्रकरणांतील समाजचिकित्सेला समीक्षेने न्याय दिला. हे प्रकरण मात्र केवळ उंबरठा मानून ओलांडले जाते. एकोणिसाव्या शतकातील एका विधवा स्त्रीने स्वतःच्या शरीरासह महासागर ओलांडणे, हा त्या चिकित्सेचा पायाच नव्हे काय?

आजची पर्यटनजहाजे

2018 मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटनजहाज सुरू झाले आणि पुढे ती सेवा थांबली. त्यानंतर इतर जहाजांनी मुंबईहून सागरी सफरी चालवल्या. अशा जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्थिरक बसवलेले असतात. ते बाजूंचे डुलणे बरेच कमी करतात; सबंध जहाजाचे वर-खाली होणे मात्र त्यांना थोपवता येत नाही, आणि मळमळीचे मुख्य कारण तर तेच आहे. म्हणून मोठ्या जहाजावर बोट लागतच नाही हे म्हणणे अर्धसत्य होय. जाहिरातीची भाषा शरीर वगळते, तसेच आपले प्रवासवर्णन आणि त्याची समीक्षाही वगळत असेल, तर दोहोंत फरक कोणता उरला?

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की बोट लागण्याचा उल्लेख हा प्रवासवर्णनातील विनोदी पूरक मजकूर नव्हे. प्रवाशाने काय पाहिले आणि काय पाहणे त्याला शक्यच नव्हते, याची ती साक्ष आहे. लेखकाचे धैर्य, संकोच आणि शारीरिक ठेवण यांची गल्लत टाळण्यासाठी ती तपासणे आवश्यक ठरते. अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शैक्षणिक सहलीत एसटी लागलेला विद्यार्थी हास्याचा विषय होतो आणि पुढच्या सहलीला नाव देत नाही. त्याला पुढच्या बाकावर खिडकीशी बसवून दूरवर नजर ठेवायला सांगणे, आणि रवींद्रनाथांच्या सहा दिवसांची हकीकत वर्गात सांगणे, एवढे आपल्याला सहज करता येईल. ‘लागणे’ या क्रियापदाने जो दोष माणसावर कधी ठेवला नाही, तो आपणही ठेवू नये.